खांदे पडलेला माणूस रंगवताना

माणसाच्या आत काय चाललंय ते चित्रात आणायचं म्हटलं की हात आधी चेहऱ्याकडे जातो. भुवया आक्रसतात, ओठांची टोकं खाली येतात, डोळ्यांत पाणी येतं. चेहरा मोठ्याने बोलू लागतो आणि मानेखालचं सगळं अंग मुकं राहतं. म्हणून इथे क्रम उलटा ठेवला आहे. आधी कणा, खांदे, पोट, हात आणि पावलं, आणि चेहरा अगदी शेवटी. डोक्याच्या जागी कोरा अंडाकार असतानाही समोरच्याला त्या माणसाचं काय बिनसलंय ते कळलं, तरच पुढे जायचं.

ही वाट मराठी माणसाला नवी नाही. आपली भाषा मनाचं सगळं अंगावरच सांगते. खांदे पडतात, कणा मोडतो, पोटात गोळा येतो, हातपाय गळतात, छाती फुगते, मान खाली जाते, काळजाला घरं पडतात, पायाखालची जमीन सरकते. हे वाक्प्रचार बोलताना आपण नुसता अर्थ ऐकतो. चित्रकाराने ते शब्दशः ऐकावेत, कारण कुठला अवयव बदलायचा आणि कसा, ते तिथे आयतं सांगितलेलं आहे.

एक वाक्य, एक अवयव

कागदावर रेघ ओढण्यापूर्वी एक वाक्य लिहून काढा. त्यात माणूस हवा, अवयव हवा आणि क्रियापद हवं. ‘एकाकीपणा’ किंवा ‘वेदना’ असं लिहून काही हाती लागत नाही, कारण एकाकीपणाला खांदा नसतो. ‘नोकरी सुटल्याचं घरी न सांगता रोज बडोद्याच्या कमाटीबागेत येऊन बसणाऱ्या माणसाचे खांदे पडलेत’ हे वाक्य चालेल. ‘टोमणे ऐकून ऐकून थोरल्या सुनेच्या काळजाला घरं पडलीत’ हेही चालेल. पुढची सगळी कृती याच दोघांना धरून सांगितली आहे.

एका आकृतीत एकच अवयव बदलायचा, हा नियम कडक पाळा. खांदे पाडले, वर पोटात गाठ दाखवली, हात पाच पट केले आणि डोक्यातून धूर काढला, तर पाहणारा कोडं सोडवत बसतो आणि माणूस हरवतो. बाकीचं अंग जितकं खरं, तितका तो एक बदल जास्त लागतो.

शहरात काय पाहायचं

बडोद्यात राहणाऱ्याला यासाठी फार फिरावं लागत नाही. संध्याकाळी सूरसागर तलावाच्या कठड्यावर, कमाटीबागेतल्या बाकांवर, खंडेराव मार्केटच्या भाजीबाजारात किंवा स्टेशनच्या फलाटावर छोटी वही घेऊन उभं राहा. एका माणसाला दोन मिनिटं, त्याहून जास्त नाही. डोकं म्हणजे रिकामा अंडाकार, नाक-डोळे काढायचेच नाहीत. म्हणजे कुणाची ओळखही वहीत उतरत नाही. प्रत्येक रेखाटनावर तीन रेघा जाड करा: दोन खांद्यांना जोडणारी, कमरेची दोन हाडं जोडणारी आणि मानेपासून माकडहाडापर्यंतची. शिवाय वजन कुठल्या पावलावर आहे तिथे फुली मारा. तीस रेखाटनं झाली की या तीन रेघांवरूनच थकलेला, वाट पाहणारा आणि घाबरलेला माणूस वेगळा ओळखू येतो. तीसच्या आत थांबू नका. पहिली दहा तर जवळजवळ नेहमीच एकाच माणसाची होतात, आणि तो माणूस म्हणजे आपल्या सवयीचा हात.

मग चित्रं पाहा, पण ठरवून. लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारातल्या फत्तेसिंह संग्रहालयात रविवर्म्याची चित्रं आहेत. तिथे भाव येतो हाताच्या मुद्रेतून, मानेच्या वळणातून आणि वस्त्राच्या चुण्यांतून. देह स्वतः सुडौलच राहतो, दुःखाने त्याचं माप बदलत नाही. कीर्तिमंदिरात, म्हणजे गायकवाड घराण्याच्या स्मारकात, नंदलाल बोस यांनी १९३९ ते १९४६ या काळात भिंतींवर गंगावतरण, मीरा, टागोरांच्या नाटकातली ‘नटीर पूजा’ आणि महाभारताचं युद्ध रंगवलं. तिथे जाऊन फक्त रेघ बघा: भक्तीत ती कशी सैल वाहते आणि युद्धात कशी ताणली जाते. रावपुऱ्यातल्या तांबेकर वाड्याच्या भिंतींवरची चित्रंही मन लावून पाहण्यासारखी आहेत. आणि बडोद्याचे चित्रकार भूपेन खख्खर. १९७० च्या दशकात त्यांनी घड्याळं दुरुस्त करणारा, न्हावी, शिंपी अशी या शहराच्या गल्ल्यांत दिसणारी माणसं रंगवली. ती अंगं मऊ, जराशी अवघडलेली आहेत, आणि त्यांचा संकोच चेहऱ्याआधी खांद्यांत दिसतो. उत्तरकाळात त्यांच्या चित्रांत देह उघडा पडला, जखमी झाला. तोही टप्पा पाहून घ्यावा.

बाहेरचं एक उदाहरण पुरे. मेक्सिकोची चित्रकार फ्रिदा काहलो हिने १९४४ मध्ये स्वतःचा कणा भेगा गेलेल्या दगडी खांबासारखा रंगवला. अंगभर खिळे आहेत, गालांवर अश्रू आहेत, पण चेहरा वेडावाकडा झालेला नाही. तो सरळ आपल्याकडे बघतो. दुखणं खांबाने सांगितल्यावर चेहऱ्याला किंचाळावं लागत नाही.

खरं माप आधी

मोडायचं माप आधी नीट यायला हवं. उभा प्रौढ माणूस साधारण साडेसात डोकी उंच असतो. खुर्चीवर किंवा बाकावर बसलेला जमिनीपासून साडेपाच ते सहा डोकी भरतो. उभ्या माणसाचा मध्य जांघेपाशी येतो, कोपर कमरेच्या पातळीला, बोटांची टोकं मांडीच्या मध्यावर, आणि हाताचा पंजा हनुवटीपासून केसांच्या सुरुवातीपर्यंत पुरतो. २४ × ३६ इंचाच्या उभ्या कॅनव्हासवर २८ इंचांची उभी आकृती घेतली, तर डोकं पावणेचार इंचांच्या आसपास येतं. ही खूण कॅनव्हासच्या कडेला पेन्सिलीने आखून ठेवा.

मॉडेल बसवायचं असेल तर वीस मिनिटं बैठक आणि पाच मिनिटं विश्रांती. उठण्यापूर्वी पावलांभोवती आणि टेकलेल्या हाताभोवती खडूने रेघ मारा, नाहीतर दुसऱ्या बैठकीत खांदा दोन इंच सरकलेला असतो. पडलेल्या खांद्यांसाठी मॉडेलला ‘दुःखी बस’ असं कधीही सांगू नका. लगेच अभिनय सुरू होतो. दोन्ही हातांत एकेक भरलेली पिशवी देऊन दहा मिनिटं बसवा, मग पिशव्या काढून घ्या. खांदे आपोआप जिथे जायचे तिथे जातात.

तोल पाहायला गवंड्याचा ओळंबा लागतो, किंवा दोऱ्याला बांधलेली किल्लीसुद्धा चालते. मानेच्या खळगीतून दोरा खाली सोडायचा. तो वजन पेललेल्या पावलावर आला, तर माणूस स्थिर. पावलाच्या बाहेर गेला, तर माणूस पडतोय. ‘पायाखालची जमीन सरकली’ हे दाखवायला जमिनीत भेग काढायची गरज नाही. ओळंबा पावलाच्या चार बोटं बाहेर जाऊ द्या आणि चेहरा शांत ठेवा. पाहणाऱ्याच्या पोटात खड्डा पडतो.

मोडायचं कसं

सगळ्यात जास्त चित्रं इथे फसतात, आणि कारण बहुतेक वेळा भीती असते. हात दहा टक्के मोठा काढला, तर तो चुकलेला दिसतो. तोच हात दीडपट केला, तर ‘हे मुद्दाम आहे’ हे लगेच समजतं. मधला पट्टा टाळा. पण दीडपट पंजा नेहमीच्या मनगटावर बसवला, तर तो हातमोज्यासारखा लटकतो. म्हणून बदल शेजारच्या भागात विरत न्यायचा: पंजा दीडपट, मनगट सव्वापट, कोपर जवळपास मूळ मापाचं, खांदा जसाच्या तसा.

आपल्या बाकावरच्या माणसाकडे येऊ. खांद्याची रेघ एरवी हनुवटीच्या खाली साधारण एक तृतीयांश डोकं येते. ती पाऊण डोक्यापर्यंत उतरवा. त्याबरोबर मान लांब होते, आणि ती सरळ वर न जाता पुढे झुकते. पाठीचा वरचा भाग गोल होतो, छाती आत जाते आणि पोटावर शर्टाची एक आडवी घडी पडते. हात खाली पोचतात, म्हणून बसलेल्या माणसाचे पंजे गुडघ्यावर न राहता गुडघ्यांच्या मध्ये लोंबतात. आता कपडे. बाहीची शिवण खांद्याच्या हाडावरून घसरून दंडावर दोन बोटं खाली येते आणि कॉलर मानेपासून मागे सुटते. ही शिवण विसरू नका. खांदा कितीही खाली घेतला आणि शिवण जागेवरच राहिली, तर माणूस पडलेला वाटत नाही, शर्ट चुकीच्या मापाचा वाटतो. कमरेखाली मात्र सगळं नेहमीसारखं ठेवा: बूट पॉलिश केलेले, पावलं जुळवलेली. घरून नीट तयार होऊन निघालेला माणूस आहे हा.

माप बदलण्याशिवाय दुसरी वाट म्हणजे अंग उघडणं. आपल्याकडच्या कॅलेंडरांवरचा छाती फाडून राम-सीता दाखवणारा मारुती सगळ्यांनी पाहिलेला असतो. तो पटतो, कारण हात ते काम करतायत. कडा हातात धरल्या आहेत, दंड ताणले आहेत, म्हणजे छाती उघडली आहे हे बाकीच्या अंगाला ठाऊक आहे. थोरल्या सुनेच्या छातीत घरं दाखवताना हेच ध्यानात ठेवायचं. ‘घर’ म्हणजे इथे भोक, पण चित्रात त्या भोकांच्या खिडक्या करता येतात. दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यासारख्या, लहान आणि लाकडी चौकटीच्या. मग तिचा एक हात पदर धरून त्या खिडक्यांवर ओढताना दाखवा, किंवा त्या बाजूचा खांदा जरा आत वळवा. अंगाने दखल घेतली नाही, तर खिडक्या साडीवर छापलेल्या नक्षीसारख्या दिसतात.

तिसरी वाट अंगाचं द्रव्यच बदलण्याची आहे: कातडीच्या जागी विटा, माती, सुकलेलं लाकूड. ही जपून वापरा. पोत रंगवण्यात मजा येते, आणि म्हणूनच चित्रकार माणसाला सोडून विटांच्या मागे लागतो.

कॅनव्हास आणि खालचा थर

तैलरंग घ्या. कातडीतल्या सावकाश बदलांसाठी ओला रंग बराच वेळ हाताशी लागतो, आणि बडोद्याच्या एप्रिल-मेमध्ये ॲक्रिलिक पॅलेटवरच वाळून जातो. कॅनव्हासला ॲक्रिलिक गेसोचे, म्हणजे रंगाखालच्या पांढऱ्या अस्तराचे, तीन पातळ हात द्या, प्रत्येक हात आधीच्याच्या आडव्या दिशेने, आणि मध्ये २२० नंबरचा पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवा. ॲक्रिलिकवर तैलरंग चालतो, पण तैलरंगावर ॲक्रिलिक नको. ते सुटून येतं. पांढऱ्या गेसोवर थेट कातडी रंगवली तर सगळे टोन, म्हणजे उजेड-अंधाराच्या पायऱ्या, चुकतात, म्हणून रॉ अंबर आणि थोडा यलो ऑकर टर्पेंटाइनमध्ये पातळ करून सगळीकडे फिरवा आणि फडक्याने पुसून घ्या.

कोळशाने आकृती उतरवा. कापडाने झटकून सैल कोळसा काढून टाका, नाहीतर तो वरच्या रंगात मिसळून करडा करतो. उरलेली फिकट रेघ पातळ रॉ अंबरने पक्की करा. अंबर लवकर वाळतं, म्हणून ते खालच्या थराला योग्य. काळा वापरू नका. आयव्हरी ब्लॅक फार सावकाश वाळतो, आणि सावकाश वाळणाऱ्या थरावर लवकर वाळणारा थर चढला की पुढे तडे जातात. झिंक व्हाइटही नको, तो ठिसूळ होतो. पांढरा म्हणजे टायटॅनियम.

आतली अवस्था रंगात शिरते ती या थरातच. जिथून जीव आटला आहे तिथे खाली हिरवट थर द्या: टेर व्हर्ट, त्यात जरासं पांढरं. जिथे ठसठस आहे तिथे इंडियन रेडचा पातळ थर. बाकावरच्या माणसाचे खांदे, मान आणि पंजे हिरवट, बाकी अंग तपकिरी. वर कातडीचा रंग आल्यावर हा हिरवा दिसत नाही, पण खांद्यांची कातडी थंड वाटते आणि पाहणाऱ्याला ते का ते सांगता येत नाही. सगळं अंगच निळं-जांभळं करून दुःख दाखवण्याचा मोह आवरा. थंडपणा कळायला शेजारी ऊब लागते.

कातडी

गव्हाळ-सावळ्या कातडीसाठी सुरुवात अशी करा: दोन भाग बर्न्ट सिएना, दोन भाग यलो ऑकर, अर्धा भाग अल्ट्रामरीन, एक भाग पांढरा. व्यक्तीप्रमाणे पुढे बदलायचंच आहे. सावलीत पांढरा अजिबात नको. बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन समसमान, त्यात अलिझरीन क्रिमझनचा कण. सावळ्या कातडीवरचा उजेड पिवळा नसतो. खिडकीतून आकाश येत असेल तर कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर आणि बोटांच्या सांध्यांवर तो निळसर करडा पडतो. हा करडा चुकला की कातडी प्लास्टिकची दिसते. आणि उजेड म्हणून पांढरा वाढवत गेलं की खडूसारखी होते.

तेलाचं प्रमाण थरागणिक वाढतं. पहिला थर नुसत्या टर्पेंटाइनमध्ये, दुसऱ्यात एक भाग जवसाचं तेल आणि तीन भाग टर्पेंटाइन, तिसऱ्यात समसमान. उलट केलं तर वरचा थर आधी आक्रसतो आणि फाटतो. पातळ अंबर उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांत वाळतं, पावसाळ्यात आठवडाही लागतो. बोट लावून पाहा. चिकटलं तर थांबा. वाळलेल्या थरावर मध्येच मंद, निस्तेज डाग दिसले, तर वरून अंधार रंगवू नका. रंगातलं तेल खालच्या थराने शोषलेलं असतं. तिथे जवसाच्या तेलाचा अगदी पुसट हात फिरवून जास्तीचं पुसून घ्या, मूळ टोन परत येतो.

कडांकडे लक्ष द्या, त्यांच्यावर बरंच अवलंबून आहे. जिथे आतली गोष्ट आहे, तिथेच सर्वांत धारदार कड. बाकावरच्या माणसाच्या खांद्याची बाह्यरेषा मागच्या झाडांवर कातरीने कापल्यासारखी, पण डोक्याचे केस झाडांत विरघळलेले, बूट सावलीत हरवलेले. सगळ्या कडा सारख्या ठेवल्या, तर नजर चेहऱ्याकडे जाते, कारण ती जात्याच तिकडे जाते.

छातीतल्या खिडक्या

भिंतीतला कोनाडा डोळ्यांसमोर आणा. उजेड डावीकडून येत असेल तर कोनाड्याची डावी आतली बाजू अंधारात असते आणि उजवी उजळते. छातीतल्या प्रत्येक खिडकीला हाच नियम. चौकटीच्या कडेला कातडीची जाडी दाखवणारी दोन-तीन मिलिमीटरची पट्टी ठेवा, इंडियन रेड आणि यलो ऑकरची. ती नसली तर खिडकी वरून चिकटवलेली वाटते. छाती गोल आहे, म्हणून काखेकडच्या खिडक्या अरुंद होत जातात आणि त्यांच्या आडव्या रेघा बरगड्यांबरोबर वळतात. आतला अंधार म्हणजे बर्न्ट अंबर आणि अल्ट्रामरीन. पाच खिडक्या असतील तर उजेड एकीतच, यलो ऑकर आणि पांढऱ्याचा. सगळ्यांत दिवे लावले की दिवाळी होते. थर पुरता वाळल्यावर अलिझरीन भरपूर तेलात पातळ करून छातीच्या त्या भागावर एकच हात द्या; खिडक्या कातडीत बसतात.

चेहरा

आता तो कोरा अंडाकार. तीन टोन पुरतात: उजेड, मधला आणि सावली. तोंड मिटलेलं ठेवा. डोळ्यांची कड खांद्याच्या कडेपेक्षा मऊ हवी. अंगाने सांगितलेलं चेहऱ्याने पुन्हा सांगायचं नाही. चेहरा थोडं वेगळं बोलला तर फारच उत्तम: सुनेच्या छातीत घरं आहेत आणि ती पाहुण्यांना चहा विचारते आहे, असा. रंगवल्यावर चेहरा अंगठ्याने झाकून चित्र पाहा. झाकल्यावर चित्र जास्त बोलत असेल, तर चेहरा ओला आहे तोवर पुसा आणि नुसता मधला टोन राहू द्या.

तपासायला तीन साध्या युक्त्या आहेत: आरशात उलटं पाहणं, कॅनव्हास वरची बाजू खाली करून ठेवणं, आणि फोनवर काळापांढरा फोटो काढणं. काळ्यापांढऱ्यात नजर पहिल्यांदा बदललेल्या अवयवावर गेली नाही, तर रंगांनी टोनची चूक झाकली आहे असं समजा. मग भोवतीचा भाग गडद किंवा फिका करा, अवयवाला हात लावू नका.

जपणूक

पावसाळ्यात कॅनव्हास सैल पडतो. मागच्या कोपऱ्यांतल्या पाचरी हातोडीने हलकेच ठोका, समोरून पाणी मारू नका. मागच्या बाजूला बुरशी येते, म्हणून चित्र बाहेरच्या भिंतीला चिकटवून ठेवू नका, मध्ये बोटभर हवा राहू द्या. वॉर्निशला किमान सहा महिने थांबा, थर जाड असेल तर जास्त. आणि जवसाच्या तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता सोडतं, आणि ढिगात ती कोंडली की फडकी आपोआप पेट घेऊ शकतात. मे महिन्यात तर धोका आणखी वाढतो. एकेक फडकं उघडं पसरून वाळवा किंवा झाकणाच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवा.